'करमत नाही'ला किती गुण?

'निर्वासित' म्हटलं की मराठी माणसाला फाळणीनंतर आलेले सिंधी आठवतात, कल्याणच्या लष्करी छावणीचं झालेलं उल्हासनगर आठवतं. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरच्या जिगाव धरणासाठी गाव सोडणारा शेतकरी या शब्दात बसत नाही, तो 'प्रकल्पग्रस्त'. १९५१च्या जिनिव्हा करारानुसारही देशाची सीमा ओलांडल्याशिवाय निर्वासित होता येत नाही. घर मात्र दोघांचंही गेलेलं असतं, आणि मन मोजायला दोघांपुढे एकच पट्टी धरता येते.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ची प्रश्नावली घ्या. विधानं पाचच. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात गोडी होती का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चारने गुणायचं, की शंभरापैकी आकडा तयार. सोय मोठीच आहे. पण नव्या गावठाणातली म्हातारी म्हणाली, 'बरं हाय बाप्पा, पण करमत नाई,' तर ते कोणत्या चौकटीत टाकायचं? न करमणं म्हणजे निव्वळ उदासी नव्हे, चिंता नव्हे, झोपेची तक्रारही नव्हे. तो माणूस आणि जागा यांच्यातला बिघाड आहे. प्रश्नावली तो माणसाच्या आत शोधत बसते. मराठी केलेलं पुन्हा इंग्रजीत करून ताडून पाहतात, तेव्हा शब्द जुळतात खरे, पण मूळ यादीत जे नाहीच ते येणार कुठून?

केनेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काबूलमध्ये उलटी वाट धरली. आधी लोकांकडून दुःखाचे शब्द घेतले, मग यादी बांधली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत 'जिगर खून' आहे. जिगर म्हणजे यकृत; आपलं काळीजही जुन्या अर्थाने तेच.

दोन आठवड्यांची मुदतही इथे तोकडी पडते. जिगावची मंजुरी नव्वदच्या दशकातली. घराला कौलं घालायची की नाही, विहीर खोदायची की नाही, या घोळात गाव उठायच्या आधीच माणूस उठलेला असतो.

म्हणून आकडेच नकोत, हे मात्र मला पटत नाही. मोबदल्याच्या फायलीत जमीन हेक्टरमध्ये लिहितात, झाडं नगांत, घर चौरस फुटांत. करमण्याला रकाना नाही. तो हवा, आणि त्याचं नाव नांदुऱ्याच्या बाजारात कळेल असं हवं. फक्त तो भरणारा मोजणीवाल्यांसोबत येऊ नये. हातात कागद असलेला माणूस दिसला की गाव मोबदल्याच्या हिशोबाने उत्तरं देतं. त्यात खोटेपणा नाही, इतक्या वर्षांचा अनुभव आहे.