दूरध्वनी क्रमांकाचा रकाना : मांडणी व वैधता-तपासणी यांची चिकित्सा
(शाहूपुरी, कोल्हापूर येथील व्यापारी पेठेच्या विशेष संदर्भात)

सारांश

डेटाबेसमधील दूरध्वनी क्रमांकाचा रकाना हा सर्वांत साधा रकाना समजला जातो. 'दहा अंक असतील तर वैध, अन्यथा अवैध' हा नियम बहुतेक कार्यालयीन प्रणालींत आढळतो. या नियमामागील गृहीतके मोठ्या शहरात खरी ठरतात आणि तालुका, सीमाभाग व परदेश येथे चुकतात. चुकीचा भार मात्र नियम करणाऱ्यावर न पडता नोंद करून घेणाऱ्या नागरिकावर पडतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दूरध्वनी क्रमांक, वैधता-तपासणी, देवनागरी अंक, डेटाबेस, शाहूपुरी

प्रस्तावना

नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक हे तीन रकाने प्रत्येक ग्राहकनोंदीत व शासकीय अर्जात असतात. यांपैकी नाव व पत्ता यांच्या लेखनातील वैविध्य प्रणाली तयार करणारे मान्य करतात. दूरध्वनी क्रमांकाबाबत मात्र ठरीव साचा गृहीत धरला जातो. हा साचा कोठून आला, तो कोणाला सामावतो आणि कोणाला नाकारतो, याचा विचार क्वचितच होतो.

या विचारासाठी शाहूपुरी हे उपयुक्त उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली ही व्यापारी पेठ कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकालगत आहे. गुळाच्या व्यापारामुळे ती नावारूपास आली. पुढे गुळाचा घाऊक सौदा शाहू मार्केट यार्डात गेला, तरी पेठेचे व्यापारी स्वरूप टिकून राहिले. अशा पेठेचा व्यवहार एका शहरापुरता कधीच नसतो. पन्हाळा, राधानगरी, गडहिंग्लज येथील शेतकरी, निपाणीकडील सीमाभागातील माणसे आणि मुंबई, पुणे, गुजरात येथील खरेदीदार यांचे क्रमांक एकाच वहीत शेजारी-शेजारी येतात. वहीला त्याची अडचण नव्हती. अडचण वहीचा डेटाबेस झाल्यावर सुरू होते.

संख्या आणि क्रमांक

मराठी भाषेने येथे एक महत्त्वाचा भेद आधीच केलेला आहे. इंग्रजीतील 'नंबर' या एकाच शब्दासाठी मराठीत 'संख्या' व 'क्रमांक' असे दोन शब्द आहेत. संख्येची बेरीज होते. क्रमांकाची होत नाही. संख्येच्या आरंभीचे शून्य निरर्थक असते. क्रमांकाच्या आरंभीचे शून्य अर्थवाही असते. तरीही असंख्य तक्त्यांत दूरध्वनी क्रमांक संख्या म्हणून साठविला जातो आणि त्याचे परिणाम लगेच दिसतात. एक्सेलच्या नेहमीच्या मांडणीत कोल्हापूरच्या ०२३१ या संकेतांकातील शून्य गळून पडते. देशाच्या ९१ या संकेतांकासह लिहिलेला बारा अंकी मोबाईल क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो.

याहून बोलके उदाहरण बत्तीस बिटांच्या पूर्णांकाचे आहे. या प्रकारात साठविता येणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ ही आहे. पुण्याचा स्थिर दूरध्वनी क्रमांक शून्य वगळून लिहिला तर २० ने सुरू होतो. तो या मर्यादेत बसतो. कोल्हापूरचा क्रमांक २३१ ने, तर मुंबईचा २२ ने सुरू होतो. ते बसत नाहीत. मोबाईल क्रमांक तर ६ ते ९ या अंकांनी सुरू होत असल्याने एकही बसत नाही. मायएसक्यूएल या प्रणालीच्या जुन्या, शिथिल व्यवस्थेत अशी मोठी संख्या नाकारली जात नसे. तिच्या जागी मर्यादेची संख्याच साठविली जाई. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून कडक तपासणी मूळ व्यवस्थेतच समाविष्ट झाली. तोपर्यंत मात्र निरनिराळ्या ग्राहकांपुढे तोच एक दहा अंकी क्रमांक उमटणे शक्य होते. आणि तो दहा अंकी असल्याने तपासणीत वैधही ठरत असे. पुण्यातील स्थिर दूरध्वनींवर चाचणी घेतलेली प्रणाली निर्दोष दिसावी आणि कोल्हापुरात तिने नोंदी पुसून टाकाव्यात, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

आयात केलेला साचा

छोट्या कार्यालयांत व दुकानांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या प्रणालीत दूरध्वनी क्रमांकासाठी तयार साचा मिळतो. पहिले तीन अंक कंसात, नंतर तीन अंक, मग आडवी रेघ आणि शेवटी चार अंक अशी त्याची रचना आहे. ही अमेरिकेतील क्रमांकांची रचना होय. कोल्हापूरचा २३१ हा संकेतांक तीन अंकी आणि स्थानिक क्रमांक सात अंकी असल्यामुळे तो या परक्या साच्यात बिनतक्रार बसतो. इचलकरंजीचा २३० हा संकेतांकही बसतो. म्हणून शाहूपुरीतील पेढीवर बसलेल्या माणसाला साच्यात काही दोष आहे असे वाटतच नाही.

दोष दिसतो तो गडहिंग्लजच्या क्रमांकात. तेथील संकेतांक ०२३२७, म्हणजे शून्य वगळता चार अंकी, आणि स्थानिक क्रमांक सहा अंकी आहे. निपाणीचा ०८३३८ हा संकेतांकही तसाच. मुंबईचा संकेतांक दोन अंकी आणि स्थानिक क्रमांक आठ अंकी. तिन्ही ठिकाणी एकूण अंक दहाच भरतात. त्यामुळे साचा ते नाकारत नाही, चुकीच्या जागी तोडतो. गडहिंग्लजच्या संकेतांकातील शेवटचा ७ स्थानिक क्रमांकात ढकलला जातो. पुढे कोणी 'कंसातील संकेतांकानुसार ग्राहकांची विभागणी' काढली, तर गडहिंग्लज, आजरा आणि जयसिंगपूर हे सारे २३२ या अस्तित्वात नसलेल्या एकाच गावात जमा होतात. ॲक्सेसमध्ये कंस व रेघ ही चिन्हे साठवायची की केवळ दाखवायची, हा पर्यायही स्वतंत्र आहे. त्यामुळे एकाच कार्यालयाच्या दोन तक्त्यांत तोच क्रमांक दोन प्रकारे राहतो आणि शोध घेता सापडत नाही.

शून्य गाळण्याचा आणखी एक परिणाम आंतरराष्ट्रीय पातळीवर दिसतो. मॉरिशसचा देश-संकेतांक २३० आहे आणि तेथील स्थिर दूरध्वनी क्रमांक सात अंकी आहेत. म्हणजे पोर्ट लुईमधील एखाद्या मराठी कुटुंबाचा क्रमांक आणि इचलकरंजीतील यंत्रमागधारकाचा क्रमांक, अधिकचिन्ह व शून्य वगळल्यास, दोन्ही २३० ने सुरू होणारे दहा अंकी क्रमांक होतात. कोल्हापूरचा २३१ हा तर लायबेरियाचा देश-संकेतांक आहे. 'अंकांव्यतिरिक्त सर्व चिन्हे काढून टाका' ही सूचना तांत्रिक स्वच्छतेची वाटते. प्रत्यक्षात तिने काढून टाकलेले अधिकचिन्ह आणि आरंभीचे शून्य हीच स्थळाची खूण असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीनुसार देश-संकेतांकासह क्रमांक जास्तीत जास्त पंधरा अंकी असू शकतो. दहा हा आकडा जगाचा नियम नाही.

नियमाचे आयुष्य

दहा अंकांचा नियम भारतापुरता तरी कायम आहे काय, याचेही उत्तर सावधपणे द्यावे लागते. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत भारत संचार निगमच्या स्थिर दूरध्वनी क्रमांकांपुढे २ हा अंक जोडला गेला. त्यापूर्वीच्या वह्यांतील क्रमांक त्या दिवशी एका अंकाने तोकडे झाले. भारतातील मोबाईल क्रमांक सुरुवातीला ९ ने सुरू होत. त्यावरून 'पहिला अंक ९ असावा' असा नियम अनेक प्रणालींत लिहिला गेला. पुढे ८, ७ आणि त्यानंतर ६ ने सुरू होणारे क्रमांक आले. नियम न बदललेल्या प्रणालींच्या दृष्टीने हे नवे ग्राहक अस्तित्वातच नव्हते. २०११ मध्ये क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि आरंभीच्या अंकांवरून कंपनी ओळखणारे नियम निरर्थक झाले. २०१८ मध्ये यंत्रा-यंत्रांतील संदेशवहनासाठी तेरा अंकी क्रमांक आले. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य दाबणे बंधनकारक झाले.

यांपैकी कोणताही बदल प्रणाली लिहिणाऱ्याच्या हाती नव्हता. पण नियम स्वतंत्र तक्त्यात ठेवायचा की प्रणालीच्या शेकडो ओळींत पुरायचा, हे त्याच्याच हाती होते.

देवनागरी अंक आणि मराठी उच्चार

महाराष्ट्रातील प्रणालींसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. अर्ज मराठीत, सूचना मराठीत, कळफलकही मराठी. अशा वेळी अर्जदार देवनागरी अंकांत क्रमांक लिहितो, हे स्वाभाविक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना रोमन अंकांहून वेगळे स्थान आहे. जावास्क्रिप्टमधील अंक-तपासणीचे चिन्ह केवळ रोमन अंक ओळखते; पायथन आणि डॉट नेटमधील तेच चिन्ह सर्वसाधारणपणे देवनागरी अंकही स्वीकारते. त्यामुळे पडद्यावरील तपासणी 'क्रमांक अवैध आहे' असे सांगते, किंवा ती नसेल तर मागील तपासणी तो स्वीकारते आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात. देवनागरी अंकाचे रोमन अंकात रूपांतर काही ओळींचे काम आहे. ते न करता मराठी अर्जदाराला 'योग्य क्रमांक लिहा' असे मराठीतच बजावणे हा तांत्रिक निष्काळजीपणा होय.

हस्तलिखित अर्जावरून नोंद करताना वेगळी अडचण येते. देवनागरी १ हा रोमन नऊसारखा आणि देवनागरी ४ हा रोमन आठसारखा दिसतो. वाचनाची अशी चूक तपासणीत पकडली जात नाही, कारण चुकीचा क्रमांकही दहा अंकीच असतो. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने ठरतो. म्हणून तेथे एखादा अंक चुकला तर ते कळते. दूरध्वनी क्रमांकात असा पडताळा-अंक नाही.

उच्चाराचीही भर पडते. मराठी माणूस क्रमांक जोडीने सांगतो : अठ्ठ्याण्णव, त्रेचाळीस, सत्तावीस. या शब्दांत एकक आधी आणि दशक नंतर येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वादाच्या बाजू काहीही असोत, ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलट असतो ही त्यामागील वस्तुस्थिती नोंद घेणाऱ्याला रोज अनुभवास येते. मोबाईल क्रमांक पाच-पाच अंकांच्या दोन गटांत दाखविण्याची प्रचलित मांडणी या जोड्या मधोमध तोडते. फोनवर सांगितलेला क्रमांक टिपताना दोन-दोन अंकांची मांडणी पडद्यावर दाखविल्यास तो परत वाचून ताडणे सोपे जाईल. साठवण एक आणि मांडणी अनेक, हे तत्त्व येथे लागू पडते.

वैधता आणि सत्यता

साच्यात बसणारा क्रमांक वैध असतो. त्या माणसापर्यंत पोहोचणारा क्रमांक सत्य असतो. या दोहोंची गल्लत हा प्रचलित पद्धतीचा मूळ दोष आहे. कडक तपासणीच्या बाजूने असे म्हटले जाते की, ती नसेल तर रकान्यात 'नाही', 'नंतर देतो' असा मजकूर भरला जाईल. हा आक्षेप रास्त आहे. परंतु सक्तीच्या रकान्यात दहा वेळा ९ दाबून पुढे जाण्याची युक्ती प्रत्येक नोंद-लेखनिकाला ठाऊक असते. सैल रकाना अपुरी माहिती देतो. सक्तीचा रकाना खोटी माहिती देतो, आणि खोटी माहिती खऱ्यासारखी दिसते.

जुन्या व्यापारी लेटरहेडवर 'दुकान', 'घर' आणि 'पी. पी.' असे क्रमांक छापलेले असत. 'पी. पी.' म्हणजे शेजाऱ्याकडचा फोन. निरोप दिल्यास माणसाला बोलावून आणले जाई. त्या दोन अक्षरांत क्रमांक कोणाचा आहे आणि त्यावर कोणत्या भरवशाने बोलावे, ही माहिती होती. डेटाबेसने ती अक्षरे काढून टाकली. परिस्थिती मात्र गेलेली नाही. आजही एका घरात एकच मोबाईल असतो, तो मुलाच्या किंवा पतीच्या नावावर असतो. 'एक क्रमांक, एकच नोंद' हा नियम अशा घरातील दुसऱ्या व्यक्तीला नाकारतो. शिवाय बंद झालेला मोबाईल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे कालचा सत्य क्रमांक आज परक्याचा असू शकतो.

यातील गांभीर्य शासकीय योजनांत स्पष्ट होते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक करण्यात आली. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी हा तिचा आधार होता आणि महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. पती व वडील दोघेही हयात नसलेल्या महिलांची अडचण लगेच पुढे आली. रकान्याने विचारलेला प्रश्न साधा होता. ज्यांच्याकडे त्याचे उत्तर नव्हते, त्यांना अनुदान थांबण्याच्या भीतीला तोंड द्यावे लागले. दूरध्वनी क्रमांक संपर्काचे साधन न राहता ओळखीचा पुरावा झाला की, रकान्यातील गृहीतक थेट उपजीविकेशी भिडते.

पर्यायी दिशा

उपरोक्त विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना करता येतात. क्रमांक अक्षररूपात साठवावा. दिलेला मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात आणि देश-संकेतांकासह प्रमाणित रूप दुसऱ्या रकान्यात ठेवावे. देवनागरी अंक, मोकळी जागा व रेघ प्रणालीने स्वतः हाताळावी. शून्य गाळण्यापूर्वी स्थळ निश्चित करावे. क्रमांक कोणाचा, हे नोंदविण्यासाठी 'स्वतः', 'घर', 'शेजारी' असा छोटा रकाना असावा. पडताळणीची तारीख नोंदवावी. साच्यात न बसणारा क्रमांक नाकारण्याऐवजी इशारा देऊन स्वीकारावा आणि नंतर तपासावा. संकेतांकांचे नियम हाताने लिहिण्याऐवजी गुगलच्या लिबफोननंबरसारख्या नियमित अद्ययावत होणाऱ्या मुक्त संग्रहातून घ्यावेत. मात्र असा संग्रहही आकार तपासतो, मालकी नव्हे, याचे भान ठेवावे.

निष्कर्ष

वैधता-तपासणीचा प्रत्येक नियम हे माणसांविषयीचे एक विधान असते. ते विधान शाहूपुरीच्या क्रमांकावर खरे ठरते म्हणून गडहिंग्लज, निपाणी किंवा पोर्ट लुईच्या क्रमांकावर खरे ठरेल असे नाही. चुकीचा नियम केंद्रात दिसत नाही, कारण केंद्रातील क्रमांक त्यात बसतात. आणि परिघावरील माणूस प्रणालीत शिरूच न शकल्याने त्याची तक्रारही तेथे नोंदली जात नाही. म्हणून रकान्याची कसोटी त्याने किती चुका अडविल्या एवढीच असू नये. किती खऱ्या क्रमांकांना त्याने परत पाठविले, याचाही हिशेब प्रणालीने ठेवला पाहिजे.