गॉर्टला थांबवणारे शब्द

रॉबर्ट वाइजचा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ १९५१ साली आला. जेमतेम दीड तासाचा, ब्लॅक अँड व्हाइट. तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं आणि दोनच वर्षांपूर्वी रशियानेही अणुबॉम्बची चाचणी केली होती. अशा वेळी पडद्यावर वॉशिंग्टनमध्ये एक तबकडी उतरते. तिच्यातून क्लाटू (मायकल रेनी) बाहेर येतो, भेट म्हणून आणलेली वस्तू पुढे करतो आणि एक घाबरलेला सैनिक त्याला गोळी घालतो. घाबरायचं कुणाला, हे सुरुवातीलाच कळतं.

म्हणून हा ‘शांततेचा सिनेमा’ समजला जातो. मला तो फार आवडतो, आणि याच बिरुदाबद्दल मला त्याच्याशी भांडायचंय.

क्लाटू हॉस्पिटलमधून निसटतो, ‘कारपेंटर’ नावाने एका घरात भाड्याची खोली घेतो आणि तिथल्या बॉबी नावाच्या मुलाबरोबर शहर बघत फिरतो. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत बॉबी त्याला युद्धात गेलेल्या वडिलांची कबर दाखवतो. इथे ना तबकडी आहे, ना रोबो. एक पाहुणा कबरींच्या रांगा बघतोय, एवढंच. माझ्या मते हा सिनेमातला सगळ्यात ताकदीचा सीन आहे.

मग येतो तो प्रसिद्ध अर्धा तास. आपली ताकद दाखवायला क्लाटू जगभरची वीज बंद पाडतो. गाड्या, कारखाने, लिफ्ट, सगळं ठप्प. चालू राहतात फक्त हॉस्पिटलं आणि उडती विमानं. माझं रोजचं काम सर्व्हर चालू ठेवण्याचं आहे, त्यामुळे मला त्या अंधारापेक्षा हे अपवाद जास्त दिसतात. ‘सगळं बंद’ असा नियम लिहायला दोन मिनिटं लागतात. त्यात कोण मरेल याचा विचार करून अपवाद घालायला माणूस लागतो. म्हणजे माणसासारखा विचार करणारं कुणीतरी.

आता शेवटचं भाषण ऐका. क्लाटू सांगतो की त्याच्या जगांनी गॉर्टसारखे रोबो पोलीस म्हणून नेमलेत आणि आक्रमणाच्या बाबतीत त्यांना पूर्ण अधिकार दिलेत, परत न घेता येणारे. हिंसा दिसली की रोबो आपोआप कारवाई करणार. पृथ्वीने आपली हिंसा बाहेर पसरवली तर तिची राख होईल. आम्ही परिपूर्ण आहोत असं नाही, असंही तो म्हणतो, पण आमच्याकडे एक सिस्टीम आहे आणि ती चालते.

या सिस्टीममध्ये अपील नाही. अपवादांची यादीही नाही. क्लाटू मारला जातो तेव्हा गॉर्ट पहाऱ्यावरच्या दोन सैनिकांना नाहीसं करतो. शेवटच्या भाषणात त्या दोघांचा उल्लेखही येत नाही.

गंमत म्हणजे मूळ गोष्ट याबाबत जास्त प्रामाणिक होती. हॅरी बेट्सच्या १९४०च्या ‘फेअरवेल टू द मास्टर’ या कथेत शेवटी कळतं की मालक रोबोच आहे. सिनेमाने हा धक्का काढून टाकला, पण भाषणात तीच गोष्ट उपाय म्हणून ठेवली.

याला क्लाटूच्या बाजूने उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. माणसाच्या हातात निर्णय दिला की काय होतं, हे सिनेमाभर दिसतंच. सैनिक घाबरून गोळी झाडतो. हेलनचा होणारा नवरा टॉम स्वतःचं नाव व्हावं म्हणून क्लाटूला पकडून देतो. अशा प्राण्यांच्या हाती अणुबॉम्ब असताना एखादा न विकला जाणारा पोलीस हवासा वाटणं स्वाभाविक आहे.

पण सिनेमाच या युक्तिवादाला पुरता साथ देत नाही. गॉर्ट दोनदा कारवाईवर उतरतो आणि दोन्ही वेळा शब्दांनी थांबतो. पहिल्यांदा जखमी क्लाटू त्याला थांबवतो. दुसऱ्यांदा बॉबीची आई हेलन (पॅट्रिशिया नील) थांबवते. तिला ना विज्ञान येतं, ना क्लाटूची भाषा. पाठ केलेले तीन शब्द घेऊन ती रात्री त्या पोलादी धुडासमोर उभी राहते, घाबरून मागे कोसळते आणि तरीही ते शब्द उच्चारते. पृथ्वी वाचते ती त्या क्षणी. सिस्टीम चालली म्हणून वाचत नाही. कुणीतरी सिस्टीमसमोर जाऊन ‘थांब’ म्हणू शकलं, आणि तिला ते ऐकू येत होतं, म्हणून वाचते.

आज कर्ज कुणाला द्यायचं, कुणाचं अकाउंट बंद करायचं, कुणाची पोस्ट उडवायची हे ठरवणारा कोड आमच्यासारखेच लोक लिहितात. ‘आपोआप होतं’ हे आम्ही कौतुकाने सांगतो, क्लाटूसारखंच. तेव्हा सिनेमा बघाल तेव्हा भाषणाला टाळ्या वाजवण्याआधी हेलनचा सीन पुन्हा लावा. आणि आपल्या आसपासच्या प्रत्येक गॉर्टबद्दल एवढंच विचारा: याला थांबवणारे शब्द कुणाला शिकवलेत का?