वळचणीचे स्टेशन

आम्हां कादंबरीकारांना रेल्वे स्टेशन आठवते ते ताटातुटीच्या प्रकरणापुरते. (मीही दोनदा त्याचा आधार घेतला आहे, कबूल करतो.) त्या इमारतीकडे मान वर करून पाहण्याचे मात्र राहून जाते. म्हणून म्हणतो, वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून घटकाभर माझ्याबरोबर परमुलखात चला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ईस्टन या लहान गावच्या जुन्या स्टेशनाची छायाचित्रे कित्येक दिवस माझ्या टेबलावर पडून आहेत.

गाव फावड्यांचे. एम्स घराण्याचा फावड्यांचा कारखाना हीच त्याची ओळख. त्याच घराण्यातील फ्रेडरिक लोथ्रॉप एम्स याने १८८१ साली वास्तुशिल्पी हेन्री हॉब्सन रिचर्डसन याच्याकडून स्टेशनाचा आराखडा करून घेतला. १८८४ मध्ये काम पुरे झाले. भोवतालची आखणी ओल्मस्टेडची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोघा शिल्पकारांपैकी हा एक.

खडबडीत राखी ग्रॅनाइटच्या बुटक्या भिंती, तांबूस दगडाची किनार, लांबीच्या बाजूंना अर्धवर्तुळाकार कमानी. पण खरी इमारत म्हणजे तिचे छप्पर. चहूबाजूंनी उतरते, जाड लाकडी घोड्यांवर तोललेले आणि भिंतीच्या कितीतरी पुढे आलेले! आपल्या भाषेत वळचणीला उभा राहिला तो आश्रित, उपरा. रिचर्डसनने वळचणीलाच मान दिला. गाडी घटकाभर थांबते, माणूस मात्र तासभर ताटकळतो, हे त्याने ओळखले. भर आषाढात एका स्टेशनावर तोकड्या पत्र्याखाली मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका छातीशी धरून भिजलो आहे. त्यामुळे या छपराविषयी मी निःपक्षपाती राहूच शकत नाही.

तरी एक गोष्ट खटकते. गावाच्या बाजूला बग्ग्यांसाठी एक कमान पुढे काढली आहे. बग्गीतून उतरणाऱ्याच्या अंगावर थेंब पडू नये, अशी सोय! फावडी घडवणारा पायीच यायचा. पुरुषांची व बायकांची प्रतीक्षागृहेही दोन टोकांना. म्हणजे नवराबायकोची ताटातूट गाडी येण्याआधीच. आत शिरताना माणसांची विभागणी झालीच. बाहेरची वळचण तेवढी सगळ्यांची. माझ्या मते शिल्पी मोठा ठरतो तो त्या वळचणीत, कमानीत नव्हे.

१८८६ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी रिचर्डसन वारला. १९५८ मध्ये या गावची प्रवासी गाडी बंद पडली. १९६९ साली एम्स कुटुंबानेच इमारत विकत घेऊन गावच्या इतिहास मंडळाला दिली. स्टेशन वाचले याचा आनंद आहेच. पण बांधणारे हात आणि वाचवणारे हात एकाच घरचे असावेत, हे मनाला थोडे लागते. त्याच शिल्पीने बांधलेले ऑबर्नडेलचे स्टेशन मात्र पाडले गेले.