करुणेची दिशा : 'दास बोट' हा जर्मन युद्धपट आणि त्याचे प्रेक्षक

युद्धपटाची समीक्षा करताना दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण आणि ध्वनी या अंगांची चर्चा करण्याचा प्रघात आहे. धम्माच्या अभ्यासकाला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटावा असा एक प्रश्न शिल्लक राहतो. चित्रपट पाहताना प्रेक्षकाच्या चित्तात काय घडते, हा तो प्रश्न होय. तथागतांनी सर्व कर्मांच्या मुळाशी चित्त पाहिले. ज्या कलाकृतीने लक्षावधी लोकांच्या चित्तात द्वेषाच्या जागी अनुकंपा निर्माण केली, तिचे मूल्यमापन धम्माच्या कसोटीवर होणे म्हणूनच उचित ठरते. वोल्फगांग पीटरसन यांनी दिग्दर्शित केलेला 'दास बोट' हा १९८१ सालचा जर्मन भाषेतील चित्रपट अशीच एक कलाकृती आहे.

चित्रपटाचा आधार लोथार-ग्युंटर बुखहाइम यांची १९७३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आहे. बुखहाइम हे दुसऱ्या महायुद्धात युद्धवार्ताहर होते आणि १९४१ साली त्यांनी यू-९६ या पाणबुडीवरून प्रवास केला होता. १९४१ च्या शरद ऋतूत फ्रान्समधील ला रोशेल बंदरातून एक जर्मन पाणबुडी अटलांटिक महासागरात शत्रूची व्यापारी जहाजे बुडविण्यासाठी निघते. वादळ, कंटाळा, पाठलाग आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत तळाशी जाऊन अडकणे, अशा संकटांतून ती कशीबशी परत येते. आणि बंदरात पोहोचताच हवाई हल्ल्यात नष्ट होते. कथानक एवढेच आहे. त्याचा परिणाम मात्र असाधारण आहे. छायाचित्रकार योस्ट वाकानो यांचा कॅमेरा त्या लोखंडी नळकांड्यातून क्वचितच बाहेर पडतो. खोली दाखविणारा काटा सरकतो, पत्रे करकरतात, खिळे बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटतात, आणि प्रेक्षक त्या खलाशांच्या श्वासाबरोबर आपलाही श्वास रोखून धरतो.

या चित्रपटाच्या आरंभी एक मजकूर येतो. चाळीस हजार जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले आणि त्यांपैकी तीस हजार परत आले नाहीत, असा त्याचा आशय आहे. पीटरसन यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हा हा आकडा पडद्यावर येताच प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. शत्रू मेला, याचा तो आनंद होता. तोच प्रेक्षकवर्ग चित्रपट संपल्यावर उभा राहिला आणि त्याने पुन्हा टाळ्या वाजविल्या. पण या वेळी त्या त्याच मृतांविषयीच्या आस्थेच्या होत्या. पुढे या चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली, ही गोष्टही त्या देशातील मतपरिवर्तनाची साक्ष देते.

एका सभागृहात, काही तासांत वैराचे आस्थेत रूपांतर व्हावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. अवैराचा उपदेश आपण विहारात नित्य ऐकतो. परंतु ज्याच्याविषयी मनात द्वेष आहे त्याचा घाम, त्याची भीती आणि त्याचे रडणे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज तो उपदेश अंगी उतरत नाही. हे काम या चित्रपटाने केले, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

तथापि जर्मनीत सर्वांनी या चित्रपटाचे स्वागत केले नाही. हा चित्रपट जर्मन सैनिकाला केवळ बळी म्हणून उभा करतो आणि त्याने कोणासाठी, कशासाठी युद्ध केले हा प्रश्न बाजूस सारतो, असा आक्षेप तेथे घेतला गेला. सर्वांत कठोर टीका तर स्वतः बुखहाइम यांनीच केली. आपल्या युद्धविरोधी कादंबरीचे रूपांतर उथळ अमेरिकन साहसपट आणि युद्धकालीन जर्मन प्रचारपट यांच्या मिश्रणात झाले, असे त्यांचे म्हणणे होते. खलाशांचा अतिरेकी आरडाओरडा त्यांना अवास्तव वाटला. मूळ लेखकाची ही टीका काहींना रागाच्या भरातील वाटेल. परंतु तिच्यातील मर्म दुर्लक्षिण्यासारखे नाही. अनुकंपा जागी झाली, हे खरे. पण ती कोणत्या दिशेने वाहिली आणि कोठे थांबली?

या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातीलच एका प्रसंगात आहे. पाणबुडीने टॉर्पेडो मारलेले एक तेलवाहू जहाज रात्रभर जळत राहते. त्यावर अजूनही माणसे आहेत, हे लक्षात येते. ती पेटती माणसे समुद्रात उड्या घेतात आणि मदतीच्या आशेने पाणबुडीकडेच पोहत येऊ लागतात. कप्तान पाणबुडी मागे घेण्याची आज्ञा देतो. बुडणाऱ्या माणसांचे आवाज अंधारात विरतात. हा प्रसंग काही क्षणांचा आहे. परंतु संपूर्ण चित्रपटाचे नैतिक केंद्र तेथे आहे. आणि नेमका हाच प्रसंग प्रेक्षकांच्या चर्चेत मागे पडतो. लोक खोलीच्या काट्याविषयी, सोनारच्या आवाजाविषयी आणि कप्तानाच्या धैर्याविषयी बोलतात. पाण्यातील माणसांना मात्र चेहरा नाही, नाव नाही, आई नाही. कॅमेरा ज्यांच्याजवळ राहिला, करुणा त्यांच्यापर्यंतच पोहोचली.

ती माणसे कोण होती, हे आपण तरी विचारले पाहिजे; कारण त्यांत आपलीही माणसे होती. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांजवळ, डेकवर आणि भटारखान्यात हजारो भारतीय खलाशी राबत असत. कोकणातील, गोव्यातील, सिल्हेट व चितगाव भागातील हे लोक गोऱ्या खलाशांच्या वेतनाच्या लहानशा अंशावर तेच धोके पत्करीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांपैकी सहा हजारांहून अधिक मृत्यू पावले. १७ सप्टेंबर १९४० रोजी यू-४८ या पाणबुडीने 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज बुडविले. इंग्लंडमधील बॉम्बवर्षावापासून वाचविण्यासाठी कॅनडाकडे पाठविलेली नव्वद मुले त्यावर होती. त्यांपैकी सत्त्याहत्तर मरण पावली आणि त्याच जहाजावरील सुमारे शंभर भारतीय खलाशीही मेले. मुलांची आठवण इंग्लंडने योग्यच रीतीने जपली. खलाशांची आठवण किती जणांना आहे? ज्या नगरीच्या सान्निध्यात धम्मचक्राचे प्रवर्तन झाले, तिचे नाव धारण करणाऱ्या जहाजावर जे मेले, त्यांना कोणत्याही पडद्यावर क्वचितच स्थान मिळाले आहे.

दुसऱ्याच्या कथेत चेहरा नसलेली माणसे म्हणून शतकानुशतके जगलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गावाच्या कथेत गावकुसाबाहेरचा माणूस असाच अंधारातील आवाज होता. म्हणूनच आंबेडकरी वाचक-प्रेक्षकाने प्रत्येक कलाकृतीला विचारावयाचा पहिला प्रश्न असा असावा की, कॅमेरा कोणत्या बाजूस ठेवला आहे आणि पाण्यात कोण आहे?

दुसरा प्रश्न कप्तानाविषयीचा आहे. युर्गेन प्रोख्नोव यांनी साकारलेला हा कप्तान जगभरच्या प्रेक्षकांना प्रिय झाला. तो नाझी नेतृत्वाची टवाळी करतो, प्रचाराला हसतो, आपल्या माणसांची काळजी घेतो. प्रेक्षकाला त्यामुळे एक सोयीचे समाधान लाभते. हा 'त्यांच्यातला' नव्हे, असे त्यास वाटते आणि त्याच्यावर प्रेम करण्यास तो मोकळा होतो. परंतु ज्याचा त्या युद्धावर विश्वास नाही, तोही टॉर्पेडो तितक्याच अचूकपणे सोडतो. अविश्वास मनात राहिला. कर्म मात्र विश्वास असणाऱ्याचेच झाले.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडलेली सिद्धार्थाच्या गृहत्यागाची मीमांसा आठवल्यावाचून राहत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांचा संघ कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींकडून तंटा मिटविण्याचा पर्याय सुचवितो आणि बहुमताने पराभूत होतो. सैन्यभरतीची घोषणा होते, तेव्हा आपण त्यात सामील होणार नाही, असे तो संघासमोर सांगतो. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती यांची धमकी मिळताच शिक्षा आपल्या एकट्यावर घेऊन तो देशत्याग स्वीकारतो. सिद्धार्थ आणि कप्तान या दोघांनाही युद्धाची व्यर्थता कळली होती. एकाने ती सभेत सांगितली आणि तिची किंमत मोजली. दुसऱ्याने ती मद्याच्या पेल्याबरोबर गिळली.

नाझी जर्मनीत नकाराची किंमत मृत्यू होती, हे खरे आहे आणि न्यायाच्या दृष्टीने ते नमूद केले पाहिजे. यू-१५४ या पाणबुडीचा कप्तान ऑस्कर कुश याने हिटलरची तसबीर बोटीवरील तिच्या जागेवरून काढविली होती आणि तो राजवटीविषयी उघड बोलत असे. त्याच्याच हाताखालील अधिकाऱ्याने तक्रार केली, आणि १२ मे १९४४ रोजी कील येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १९९६ साली त्याच्यावरील कलंक अधिकृतपणे दूर करण्यात आला. 'दास बोट'मधील कप्तानावर प्रेम करणाऱ्या किती प्रेक्षकांना कुशचे नाव ठाऊक आहे? आपली करुणा कोणावर खर्च होते, हे येथे पुन्हा दिसते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, बौद्धाने सर्व युद्धांकडे पाठ फिरवावी. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४२ साली आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात भारतीय कामगाराने नाझीवादाविरुद्धचे युद्ध जिंकण्याचा निर्धार का करावा, हे स्पष्ट केले होते. आक्रमणापुढे हात जोडून बसल्याने युद्धे नाहीशी होत नाहीत. युद्ध जिंकून न्याय्य शांतता प्रस्थापित करावी लागते, असा त्यांचा विचार होता. हत्येची इच्छा आणि हत्येची आवश्यकता यांत त्यांनी केलेला भेदही आपल्या परिचयाचा आहे. म्हणजे प्रश्न केवळ 'युद्ध वाईट' असे म्हणून सुटत नाही. ही बोट कोणाची आणि ती कोठे निघाली आहे, हे विचारावेच लागते. 'दास बोट' पाहून बाहेर पडणारा बहुसंख्य प्रेक्षक युद्ध वाईट एवढेच म्हणतो आणि हा दुसरा प्रश्न विसरतो.

हा विसर केवळ जर्मनांचा किंवा अमेरिकनांचा नाही. धम्माचे नाव घेणाऱ्या देशांतही तो आहे. श्रीलंकेचे युद्ध १९८३ ते २००९ पर्यंत चालले. म्यानमारमधून २०१७ साली सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित झाले. आपल्या धर्मबांधवांच्या दुःखाविषयी आपले मन चटकन द्रवते. त्यांच्या बोटीपासून दूर पोहणाऱ्यांचे आवाजही ऐकावेत, एवढे प्रामाणिकपण आपल्याकडे हवे. ते नसेल तर इतरांच्या चित्रपटावर टीका करण्याचा आपणास अधिकार उरत नाही.

बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांना धम्मात एकत्र स्थान दिले, त्याचे प्रयोजन हेच होय. प्रज्ञेवाचून करुणा जिकडे कॅमेरा वळेल तिकडे वळते. करुणेवाचून प्रज्ञा मृतांच्या आकड्यावर टाळ्या वाजविते. लॉस एंजेलिसच्या त्या सभागृहातील दोन टाळ्यांपैकी पहिली निःसंशय अकुशल होती. दुसरी कुशल होती, परंतु अपुरी होती. ती पुरी करण्याचे काम कोणताही दिग्दर्शक करणार नाही. ते प्रेक्षकाचेच आहे. 'दास बोट' अवश्य पाहावा, त्या तरुण खलाशांसाठी डोळे ओलावले तर त्यात कमीपणा मानू नये. मात्र ते जळते जहाज पडद्यावर आले की पाणबुडीतून बाहेर पाहावे, आणि पोहणाऱ्यांची संख्या मोजावी.