स्वसंरक्षणासाठीच्या पिस्तूल-काडतुसांची विश्वसनीयता : मूल्यमापन पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना :
स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलाच्या काडतुसाकडून दोन अपेक्षा केल्या जातात. चाप ओढताच ते उडावे आणि पुढचे काडतूस विनाअडथळा नळीत यावे, ही पहिली अपेक्षा होय. गोळी लागताच हल्लेखोर थांबावा, ही दुसरी. या विषयावरील विपुल लेखन अमेरिकेत झाले असून तेथे दोन्ही गुणांसाठी 'विश्वसनीय' हे एकच विशेषण सर्रास वापरले जाते. संशोधन पद्धतीशास्त्रात मात्र विश्वसनीयता आणि सप्रमाणता या भिन्न संकल्पना आहेत. तेच मापन पुन्हा केले असता तेच उत्तर मिळणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे आहे तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता. काडतुसांच्या मूल्यमापनाच्या तीन प्रचलित पद्धती या दोन कसोट्यांवर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घटनांच्या नोंदींवर आधारित पद्धत :
इव्हान मार्शल व एडविन सॅनो यांचा 'हँडगन स्टॉपिंग पॉवर' हा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष गोळीबाराच्या घटना गोळा करून, धडावर लागलेल्या एकाच गोळीने किती हल्लेखोर थांबले, याची टक्केवारी त्यात काडतूसनिहाय दिली आहे. ०.३५७ मॅग्नम या काडतुसाच्या १२५ ग्रेन वजनाच्या पोकळ टोकाच्या गोळीस सुमारे ९६ टक्के यश देण्यात आले. प्रयोगशाळेऐवजी वास्तवाचा आधार घेतल्यामुळे हा ग्रंथ लोकप्रिय झाला, हे स्वाभाविक होते.

तथापि या पद्धतीचा मूलभूत दोष नमुना निवडीत आहे. एकापेक्षा अधिक गोळ्या लागलेल्या घटना गणनेतून वगळलेल्या आहेत. पहिली गोळी अपुरी पडली तर मनुष्य साहजिकच दुसरी झाडतो. म्हणजे जेथे पहिली गोळी अपयशी ठरण्याची शक्यता अधिक, नेमक्या त्याच घटना बाजूला पडतात. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांची नावे हजेरीपटातून काढून निकालाची टक्केवारी सांगावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय गोळी लागताच भीतीने शरण आलेला आणि शारीरिकदृष्ट्या कोसळलेला, असे दोघेही 'थांबलेले' म्हणूनच मोजले जातात. पहिल्याचे श्रेय गोळीचे किती आणि मनाचे किती, हे आकड्यावरून कळत नाही. जखम-प्रक्षेपशास्त्राचे अभ्यासक व लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांनी या संकलनावर कठोर टीका केली. १९९९ मध्ये मार्टेन व्हान मानेन यांनी या लेखकांच्या वेगवेगळ्या काळांतील आकडेवारीची तुलना करून त्यातील विसंगती दाखवून दिल्या. मूळ नोंदी इतरांना पडताळण्यासाठी खुल्या नसल्यामुळे या शंकांचे निरसन झाले नाही.

जिलेटिन चाचणी :
दुसऱ्या पद्धतीला गती देणारी घटना ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे घडली. एफबीआयचे आठ एजंट व दोन दरोडेखोर यांच्यातील चकमकीत दोन एजंट ठार आणि पाच जखमी झाले. एजंट जेरी डव्ह यांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची एक गोळी मायकेल प्लॅट याच्या दंडातून छातीत शिरली; परंतु हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबली. त्यानंतरही प्लॅट अर्धस्वयंचलित रायफल चालवीत राहिला. ही जखम अखेरीस जीवघेणी होती, पण वेळेत थांबविणारी नव्हती.

यानंतर एफबीआयने जखम-प्रक्षेपशास्त्राच्या तज्ज्ञांना पाचारण केले आणि १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर आधारित चाचणी प्रमाणित केली. मूळ आराखड्यात आठ प्रकारच्या परिस्थिती व प्रत्येकी पाच, अशा ४० गोळ्या झाडल्या जात. जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, मोटारीची काच असे अडथळे त्यांत होते. किमान १२ व कमाल १८ इंच भेदन अपेक्षित मानले गेले. मनुष्याची छाती एवढी जाड नसते. पण गोळी तिरकी किंवा हातातून शिरू शकते, हा त्यामागील विचार होता. ठोकळा ४ अंश सेल्सिअसला ठेवून, ठरावीक वेगाने झाडलेला छोटा पोलादी छर्रा त्यात सुमारे ८.५ सेंटीमीटर शिरतो की नाही, हे पाहून तो योग्य असल्याची खात्री केली जाते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष ताडून पाहता येतात.

येथे विश्वसनीयता उच्च आहे. सप्रमाणता मात्र मर्यादित. जिलेटिनला हाडे, रक्तदाब आणि भीती नसते. ते भेदन व गोळीचा फुलाव दाखविते. मनुष्य केव्हा थांबेल हे सांगत नाही. एफबीआयच्याच १९८९ च्या अहवालात नमूद आहे की, हृदय निकामी झाले तरी मेंदूतील प्राणवायूच्या आधारे मनुष्य १० ते १५ सेकंद जाणीवपूर्वक हालचाल करू शकतो. तसेच मायामीतील हानीचे खापर मुख्यतः एका गोळीवर फोडताना रायफलीसमोर बहुतांश एजंटांहाती पिस्तुले व रिव्हॉल्व्हर होती, ही बाब दुय्यम ठरली. एफबीआय त्यानंतर १० मिलिमीटर आणि ०.४० इंच या मोठ्या काडतुसांकडे वळली. २०१४ मध्ये तिच्याच प्रशिक्षण विभागाने सुधारित गोळ्यांचा दाखला देऊन पुन्हा ९ मिलिमीटरचे समर्थन केले.

यांत्रिक चाचणी :
तिसरी पद्धत सर्वांत सोपी वाटते. निवडलेल्या काडतुसाच्या २०० फैरी बिनदोष झडल्या की ते विश्वसनीय, असा संकेत रूढ आहे. संख्याशास्त्राचा निर्वाळा वेगळा आहे. 'न' प्रयत्नांत एकही दोष आढळला नाही, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर दोषाची वरची मर्यादा सुमारे ३ भागिले 'न' इतकी असते. २०० फैरींसाठी ती १.५ टक्के येते. दोषाचे प्रमाण खरोखर तितके असेल, तर १५ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये किमान एकदा अडथळा येण्याची शक्यता सुमारे २० टक्के ठरते. ही वरची मर्यादा आहे, अंदाज नव्हे. तरी 'शून्य दोष' म्हणजे 'दोषाची शक्यता शून्य' नव्हे, हे यातून स्पष्ट होते. शिवाय हे गणित त्या पिस्तुलापुरते आणि काडतुसांच्या त्या उत्पादन-गटापुरतेच लागू पडते.

निष्कर्ष :
१) घटनांच्या नोंदींची पद्धत वास्तवाजवळची भासते, परंतु सदोष नमुना निवडीमुळे तिची टक्केवारी स्वीकारार्ह ठरत नाही.
२) जिलेटिन चाचणी दोन काडतुसांच्या तुलनेसाठी विश्वसनीय आहे, मानवी प्रतिसादाच्या भाकितासाठी नाही.
३) यांत्रिक चाचणीचा निकाल फैरींच्या संख्येसह व वरच्या मर्यादेसह मांडणे आवश्यक आहे.
४) कोणत्याही आकड्यासोबत काय वगळले, हेही सांगितले गेले पाहिजे.

या आकड्यांवर विसंबून कोणी स्वतःचा जीव पणाला लावतो, तर चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून येथे अपुऱ्या मापनाला पूर्ण खात्रीचे रूप देणे हा केवळ पद्धतीशास्त्रीय दोष राहत नाही. अचूक मोजलेली गोष्ट आणि मोजायची असलेली गोष्ट यांतील अंतर उघडपणे मान्य करणे, हीच अशा मूल्यमापनाच्या प्रामाणिकपणाची पहिली अट होय.