‘द लास्ट चर्च’ : देव नाकारणाऱ्याचा देव कसा होतो?

मराठी वाचकास विज्ञानकथा नवी नाही. विज्ञानाच्या नियमांना धरून कल्पना कशी करावी, हे डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांनी आपल्याला दाखवून दिले आहे. परंतु इंग्रजीत विज्ञानकथेची एक निराळी शाखा फोफावली असून तीत अंतराळयाने आहेत तशी पिशाच्चेही आहेत, यंत्रे आहेत तसे नरबळीही आहेत. ‘वॉरहॅमर ४०,०००’ ही या शाखेतील एक अतिशय विस्तृत निर्मिती होय. १९८७ साली ब्रिटनमधील ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीने टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून खेळावयाचा एक खेळ म्हणून ती बाजारात आणली. पुढे याच कंपनीच्या ‘ब्लॅक लायब्ररी’ या प्रकाशन विभागाने त्या विश्वावर कथा-कादंबऱ्यांची मोठी रास उभी केली. इसवी सनाचे एकेचाळिसावे सहस्रक, आकाशगंगाभर पसरलेले मानवी साम्राज्य आणि कधीही न संपणारे युद्ध, ही या साहित्याची पार्श्वभूमी आहे.

अशा करमणूकप्रधान साहित्याची दखल धम्मविचाराला वाहिलेल्या पृष्ठांवर का घ्यावी, अशी शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ‘द लास्ट चर्च’ या एका लघुकथेत आहे. ग्रॅहॅम मॅकनील यांची ही कथा २००९ साली ‘टेल्स ऑफ हेरसी’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. विवेकाची स्थापना तलवारीने करता येते काय, हा तिचा विषय आहे. हा प्रश्न आपल्याला परका नाही.

कथेचा काळ साम्राज्याच्या उभारणीचा, म्हणजे मुख्य कथाविश्वाच्या सुमारे दहा हजार वर्षे आधीचा आहे. युद्धांनी उद्ध्वस्त झालेली पृथ्वी एका सम्राटाने आपल्या सत्तेखाली एक केली आहे. धर्म ही मानवजातीला जडलेली व्याधी आहे, असे त्याचे ठाम मत असून सारी प्रार्थनास्थळे त्याने जमीनदोस्त केली आहेत. एका डोंगरावर एकच चर्च उरले आहे. तेथे युराया ओलाथेअर हा वृद्ध धर्मगुरू एकटाच राहतो. एका रात्री त्याच्या दारी एक अनोळखी पाहुणा येतो. तो आपले नाव रेव्हलेशन, म्हणजे ‘साक्षात्कार’, असे सांगतो. दोघे बसतात आणि धर्मावर चर्चा सुरू होते.

पाहुणा हुशार आहे. धर्मयुद्धे, नरबळी, देवाच्या नावाने झालेल्या कत्तली यांचा पाढा तो वाचतो. धर्मगुरू श्रद्धेने मिळणाऱ्या धीराची आणि सांत्वनाची बाजू मांडतो. परंतु वादात तो सतत मागे हटतो. शेवटी तो आपल्या श्रद्धेचे मूळ सांगतो. तरुणपणी तो सम्राटाच्याच सैन्याविरुद्ध लढला होता. रणांगणावर जखमी होऊन पडला असता त्याला सुवर्णकांतीची एक तेजस्वी आकृती दिसली आणि तिचा आवाज ऐकू आला. तो देव होता, असे मानून त्याने उर्वरित आयुष्य देवाला वाहिले. यावर पाहुणा आपली खरी ओळख देतो. तोच सम्राट आहे आणि त्या दिवशी रणांगणावर दिसलेला ‘देव’ही तोच होता.

कथेतील सर्वात प्रभावी प्रसंग हाच आहे. आपल्या आयुष्याचा पाया एका गैरसमजावर उभा होता, हे युरायाला कळते. परंतु तो कोसळत नाही. उलट या क्षणापासून त्याच्या बोलण्याला धार येते. तुझ्याआधीच्या प्रत्येक धर्मवेड्याने जे केले तेच तू विवेकाच्या नावाने करीत आहेस, असे तो सम्राटाला सुनावतो. बाहेर सम्राटाचे महाकाय सैनिक उभे आहेत. चर्चला आग लावली जाते. बाहेर येऊन नव्या जगात सामील होण्याची संधी युराया नाकारतो आणि जळत्या चर्चमध्ये परत जातो.

वाद कोणी जिंकला? तर्काच्या दृष्टीने सम्राटाने, असे वरवर पाहता म्हणावे लागते. परंतु ज्या वादात हरणाऱ्याचे घर जाळण्यासाठी सैन्य आधीच दारात आणून उभे केले आहे, त्याला वाद म्हणता येत नाही. सम्राट आला तो वेष पालटून आणि खोट्या नावाने. दुसऱ्याला सत्य सांगू पाहणारा स्वतः मात्र झाकलेला राहिला. तथागतांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात; ये आणि स्वतः पाहा, असे आवाहन त्यात आहे. सम्राटाच्या सत्यात ‘ये’ आहे, ‘पाहा’ नाही. या कथामालेत पुढे उघड होते की, मानवी मनाच्या विकारांवर पोसलेल्या अमानुष शक्ती या विश्वात खरोखरच अस्तित्वात आहेत आणि सम्राटाला ते ठाऊक होते. तरीही अशा शक्ती नाहीतच, अशी शिकवण त्याने सर्वांना दिली. अज्ञान राखून शिकविलेला विवेक हा विवेक नव्हे. तो दुसऱ्या नावाने आणलेला शब्दप्रामाण्यवाद होय.

या कथेचा खरा शेवट तिच्या बाहेर आहे आणि जाणता वाचक तो मनात धरूनच ती वाचतो. सम्राटाचा लोर्गार नावाचा पुत्र सम्राटालाच देव मानून ग्रंथ लिहितो. संतापलेला सम्राट त्याच्या भक्तांचे एक अख्खे नगर नष्ट करवितो. पुढे यादवी युद्धात सम्राट मरणासन्न होतो आणि त्याला एका यंत्रमय सुवर्णासनावर बसविले जाते. दहा हजार वर्षे तो तेथेच आहे. त्याच्या नावाने अवाढव्य धर्मसंस्था उभी राहिली आहे, पाखंडी म्हणून माणसे जाळली जातात आणि त्याच्यासाठी दररोज हजार माणसांचे प्राण वेचले जातात. आणि या धर्माचा पाया कोणता? ज्याच्यावर सम्राट संतापला होता, तोच लोर्गारचा ग्रंथ!

हा केवळ दैवदुर्विलास आहे काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. यामागे कार्यकारणभाव आहे. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बळावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला एक मूलभूत प्रश्न विचारला आहे. बळ काढून घेतले की ती व्यवस्था टिकविणार कोण? बुद्धाने माणसाचे मन बदलण्याचा मार्ग धरला, कारण मन बदलले की पहारेकऱ्याची गरज उरत नाही. सम्राटाने चर्चे जाळली. माणसाला चर्चकडे नेणारे भय, दुःख आणि एकटेपण यांना त्याने हातही लावला नाही. त्यामुळे त्याचे बळ सरताच ती रिकामी जागा भरून निघाली आणि ज्याने ती रिकामी केली त्याचीच मूर्ती तेथे बसली.

याउलट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो स्त्री-पुरुषांनी जुने देव नाकारले, ते स्वतःच्या मुखाने प्रतिज्ञा उच्चारून. तेथे कोणाच्याही मागे शस्त्र उभे नव्हते. देव नाकारण्याच्या या दोन रीतींतील अंतर म्हणजेच धम्म आणि दंड यांतील अंतर होय.

कथेतील उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. लेखकाने सम्राटाच्या तोंडी बळकट युक्तिवाद दिले आणि धर्मगुरूला बराच वेळ दुबळा ठेवले, त्यामुळे मधला भाग एकतर्फी वाटतो. दुसरे असे की, ‘धर्म’ म्हणजे ईश्वर, चमत्कार आणि चर्च, या पाश्चात्त्य चौकटीबाहेर दोघांपैकी कोणीही जात नाही. ईश्वराशिवाय नीतीचा विचार करणारी परंपरा या पृथ्वीवर होऊन गेली, याची चर्चेला दखलच नाही. दोघांपुढे पर्याय दोनच आहेत, देवावरील श्रद्धा किंवा सम्राटाची आज्ञा. तिसरा मार्ग दिसत नसल्यानेच ही शोकांतिका अटळ वाटते. शिवाय धर्म कोणाला दास बनवितो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हा सामाजिक प्रश्न बहुतांशी बाजूलाच राहतो.

आणखी एक धोका वाचकाच्या बाजूचा आहे. या विश्वातील साम्राज्य हे उपहासाने रंगविलेले आहे. तरीही काही चाहते त्यालाच आदर्श मानू लागले आणि २०२१ साली कंपनीला हे साम्राज्य उपहासाचा विषय आहे, असे जाहीरपणे सांगावे लागले. सोनेरी चिलखताचे तेज डोळ्यांत भरले की त्याखालचे प्रेत दिसेनासे होते.

भक्तीचा हा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत स्पष्ट शब्दांत सांगितला होता. राजकारणातील विभूतिपूजा हा अधःपाताचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा तो इशारा होता. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून मांडले आहे. म्हणून ही परदेशी, परक्या कल्पनाविश्वातील कथा आपण दूरची मानू नये. ज्याने देव नाकारावयास शिकविले त्याच्या प्रतिमेला हार घालावेत आणि त्याचे ग्रंथ मात्र कपाटात बंद ठेवावेत, असे आपल्या वस्तीत, आपल्या घरात घडत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. सुवर्णासन बांधावयास दहा हजार वर्षे लागत नाहीत. त्यासाठी प्रश्न विचारणे थांबविले की पुरते.