खडकांतला खिळा

डोंगर चढण्याच्या छंदांत नीतीचा प्रश्न कोठून आला, असें पुष्कळांस वाटेल. चढणाऱ्यानें चढावें, पडूं नये आणि दिवेलागणीला घरीं यावें, एवढीच घरच्या माणसांची अपेक्षा असते. परंतु ज्या खेळांत पंच नाहीं, प्रेक्षक नाहींत आणि चुकीची शिक्षा कधीं कधीं मरणच असते, त्या खेळाचे नियम खेळणाऱ्याच्या मनांतच असावे लागतात. असे नियम शब्दांत मांडणारे दोन निबंध युरोपांत प्रसिद्ध आहेत. पहिला पॉल प्रॉइस या ऑस्ट्रियन आरोहकाचा, १९११ सालचा. दुसरा राइनहोल्ड मेसनर याचा, १९७१ सालीं इंग्रजी वाचकांपुढें आलेला. दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: नैसर्गिक कड्यांत माणसानें लोखंड ठोकावें कीं नाहीं? आज आपल्या सह्याद्रींत लिंगाणा, तैलबैला, वानरलिंगी अशा ठिकाणीं बोल्ट बसलेले आहेत, आणि त्यांच्या आधारानें दोरावर लोंबकळणारीं मुलें तुमच्याआमच्या घरांतलींच असतात. तेव्हां या निबंधांची परीक्षा परक्यांचा वाद म्हणून न करतां घरचा प्रश्न म्हणून करणें योग्य होईल.

प्रॉइसचें म्हणणें थोडक्यांत असें. आरोहकाची शक्ति चढाईच्या बरोबरीची असून भागत नाहीं, ती वरचढ असली पाहिजे. जें चढून जावयाचें, तें आपल्या बळानें उतरतांही आलें पाहिजे. मेख ही संकटसमयींची शिदोरी आहे. तिच्यावर चढाईची सारी पद्धत उभारणें गैर होय. त्याच वर्षीं डोलोमाइट पर्वतांतील काम्पानिले बासो नांवाच्या सुळक्याची पूर्वेकडील भिंत त्यानें एकट्यानें, दोराशिवाय चढून दाखविली. टीटा पियाझसारख्या समकालीन आरोहकांनीं त्यास विरोध केला. माणसाच्या जिवापुढें शुद्धतेचा एवढा आग्रह त्यांना पटला नाहीं. पुढें १९१३ त प्रॉइस असाच एकटा चढत असतां पडून मरण पावला. वय अवघें २७. या मृत्यूवरून त्याचें मत खोटें ठरलें असें म्हणणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. जो आपल्या तत्त्वाची किंमत स्वतः देतो, त्याच्यावर ढोंगाचा आरोप करतां येत नाहीं. दोष आहे तो दुसरीकडे. एका असामान्य पुरुषाचें व्रत हा सर्वांचा कायदा होऊं शकत नाहीं. आपल्या शक्तीचा नेमका अंदाज ज्याला आहे त्यालाच हा नियम तारतो. आणि विशीच्या पोराला नेमका तोच अंदाज नसतो.

मेसनरचा निबंध अधिक आवेशपूर्ण आहे, आणि त्याचा रोख बोल्टावर आहे. मेख ठोकण्यास दगडांत भेग तरी लागते. बोल्टाला तीही लागत नाहीं. भोंक पाडलें कीं कोरा कडाही आधार देतो. म्हणजे बोल्टापुढें अशक्य असें कांहीं उरत नाहीं, आणि जेथें अशक्य उरलें नाहीं तेथें शक्य करून दाखविण्याला अर्थ राहत नाहीं. हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो. खेळाडूनें हरण्याची शक्यताच खरेदी करून टाकली, तर जिंकणें हा शब्दच पोकळ होतो. १९७० सालीं चेझारे माएस्त्री यानें दक्षिण अमेरिकेंतील सेरो तोरे शिखरावर यंत्र चढवून शेंकडों बोल्ट ठोकले, हें या पोकळपणाचें ठळक उदाहरण होय.

परंतु या गोष्टीचा उत्तरार्धही पाहण्याजोगा आहे. २०१२ सालीं दोन तरुण आरोहकांनीं त्यांतले शंभरांहून अधिक बोल्ट उपटून काढले. आणि पायथ्याच्या गांवांत आनंदाऐवजीं संतापच उसळला. कां? ठोकणाऱ्यानें कोणास विचारलें नव्हतें, तसें उपटणाऱ्यांनींही विचारलें नाहीं. येथेंच आमच्या मतें दोन्ही निबंध तोकडे पडतात. त्यांत आरोहकाचा मान आहे, कड्याचाही मान आहे. पण त्या कड्याच्या सावलींत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत येत नाहीं.

आपल्याकडे तर हा माणूस टाळतां येणारच नाहीं. आपले कडे निर्मनुष्य नव्हेत. कोठें देवीचें ठाणें आहे, कोठें पाण्याचें टाकें, कोठें कोरलेल्या पायऱ्या. कोणी विचारील, ‘पूर्वजांनीं अख्खे जिने खोदले, मग आमच्या बोटभर भोंकाचें एवढें काय?’ या आक्षेपांत जोर आहे. पण पूर्वजांनीं दगड कोरला तो पाण्यासाठीं, आसऱ्यासाठीं, राज्याच्या रक्षणासाठीं. त्या पायऱ्यांना एवढें मोल होतें कीं, १८१८ च्या सुमारास इंग्रजांनीं अलंग-मदनसारख्या गडांच्या वाटा सुरुंगानें उडविल्या. आमचा बोल्ट खेळासाठीं आहे. खेळ हलका नव्हे. परंतु गरजेला जी सूट मिळते ती खेळाला मागतां येत नाहीं. विजयदुर्गासह १२ किल्ले २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेले आहेत. मालवण तालुक्यांतील कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसानें कोरलेलीं चित्रें उघड्यावर पडलीं आहेत. अशा जागीं भोंक पाडण्यास खेळाचें कोणतेंही निमित्त पुरेसें नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बोल्ट हा खडकाला पडलेला व्रण आहे, त्याहून अधिक तो अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. ठोकणारा निघून जातो. मागून येणारा त्या चकाकत्या कडीवर आपला जीव टांगतो. हा शब्द किती वर्षें खरा राहणार? देवगडांत कोणाही घरमालकास विचारावें. समुद्राकडील खिडकीचे गज किती पावसाळे काढतात, बिजागरी कधीं गळून पडते, होडीचा नांगर कसा पापुद्रे सोडतो, हें येथल्या पोरालाही ठाऊक असतें. थायलंडच्या किनाऱ्यावरील कड्यांत न गंजणारें म्हणविणाऱ्या पोलादाचे बोल्टसुद्धां खाऱ्या हवेनें कांहीं वर्षांतच तडकून तुटले. अखेर ते काढून टायटॅनियमचे बसवावे लागले. आणि आमचा जांभा तर खाणींत ताजा असतां हत्यारानें चिरा काढतां येईल इतका मऊ, वाऱ्यावर वरून टणक होणारा आणि आंत पोकळ्या असलेला दगड. त्यांत बसविलेला खिळा बाहेरून शाबूत दिसेल, आणि तेंच त्याचें सर्वांत मोठें पाप ठरेल. पूर्ण उघडा कडा निदान खोटें बोलत नाहीं.

मग बोल्ट मुळींच नको काय? असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या कोऱ्या भिंतींत दुसरा आधार नाहीं आणि जेथें नवशिके शिकतात, तेथें एक चांगला बोल्ट न ठोकण्यांत कसलें पुण्य आहे तें आम्हांस दिसत नाहीं. पण भेग असेल तेथें बोल्ट नको. इव्हॉन शुइनार्ड हा स्वतः मेखा घडवून विकणारा. त्यानेंच १९७२ त आपल्या सूचीपत्रांतून, भेगेंत अडकवून पुन्हां काढून घेतां येणाऱ्या पाचरींचा पुरस्कार केला. आपल्याच धंद्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाचें म्हणणें मानण्यास हरकत नसावी. गांवाला विचारल्याशिवाय बोल्ट नको. आणि ज्याची दहा वर्षांनीं पाहणी करण्यास कोणी बांधलेला नाहीं, असा तर नकोच नको.

प्रॉइसनें आरोहकाला स्वतःशीं प्रामाणिक राहण्यास शिकविलें, मेसनरनें कड्याशीं. हे दोन्ही धडे मोलाचे आहेत आणि हे निबंध मराठींत यावयास हवेत. तिसरा धडा मात्र आपला आपल्यालाच लिहावा लागेल: आपल्यामागून त्याच दोरावर येणाऱ्या, ज्याचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं अशा मुलाशीं प्रामाणिक राहण्याचा. त्याची आई दिवेलागणीला दाराशीं उभी असते, हें ड्रिल हातांत घेणाऱ्यानें विसरूं नये.